उजवीकडून वाचलेलं घर

संपादकांचा फोन आला. "ताई, यंदाच्या दिवाळी अंकात तुमचं काहीतरी हवंच. पडद्यांचे रंग, सोफ्याची मांडणी, असं हलकंफुलकं. वाचक भगिनींना उपयोग होईल."

मी म्हटलं, "अहो, मी घरं बांधली आहेत, पडदे नाही लावले." ते खो-खो हसले. त्यांना तो विनोद वाटला. परभणीत मी उभं आयुष्य वास्तुकार म्हणून काढलं. दवाखाने, शाळा, आडतीची दुकानं, माणसांची घरं उभी केली. गवंड्यांशी भांडले, मालकांशी भांडले, उन्हाशी तर रोजच भांडले. तरी अजून लोक मला पडद्यांचाच रंग विचारतात. म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे. यात पडदा एकही नाही.

दोष थोडा माझ्या पदवीचाही आहे. ती जोडपदवी होती. इमारतीचं बाहेरचं आणि आतलं, दोन्ही एकाच अभ्यासक्रमात. हैदराबादेत तो नुकताच सुरू झाला होता आणि मावशीचं घर तिथे असल्यामुळे मला जाता आलं. बाहेरचं म्हणजे जागा कशी आहे, पाया किती खोल, भिंत किती जाड, वारा कुठून येतो, पाणी कुठे जातं. आतलं म्हणजे माणूस बसतो कुठे, निजतो कुठे, चूल कुठे पेटते, हात कुठवर पोचतो. खरं तर यात 'जोड' असं काही नाहीच. अंगरख्याचं बाहेरचं एकाने शिवायचं आणि आतलं दुसऱ्याने, असं कुणी करतं का? पण कॉलेजात बाहेरचे सर वेगळे आणि आतले सर वेगळे होते, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. वर्गात मी एकटीच मुलगी. पहिल्याच आठवड्यात आमच्या औरंगाबादकडच्या एका वर्गबंधूने मला मराठीत ऐकवलं, "पोरांना वास्तू, पोरींना वस्तू." कोटी चांगली होती, म्हणून लक्षात ठेवली आहे. त्याने पुढे सिमेंटची एजन्सी घेतली आणि मीच त्याच्याकडून पोती उचलायची.

आमचे वडील, नाना, परभणीला मास्तर होते. निजामाच्या राज्यात ते गणित उर्दूत शिकवत. राज्य गेलं तसं तेच गणित मराठीत शिकवायला लागले. मीही निम्मी शाळा उर्दूत शिकले आणि निम्मी मराठीत. त्यामुळे मला दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं. याचा उपयोग पुढे कसा झाला, तीच ही गोष्ट.

शेवटच्या वर्षाला नियम असा होता की विद्यार्थ्याने एक खरं घर काढायचं, ते बांधून घ्यायचं, बाहेरून आणि आतून, आणि ते परीक्षेला मांडायचं. मुलांना काका-मामांचे बंगले मिळाले. मला कोण देणार? तेव्हा नानांचा एक जुना विद्यार्थी परभणीजवळच्या ताडकळसला होता, त्याचे वडील लिंबाजीराव. मेंढरांचे मोठे कळप, शिवाय काळी जमीन. मुलाचं लग्न ठरलेलं, म्हणून जुनं मातीच्या छताचं माळवद सोडून दगडी घर बांधायचं होतं. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. लिंबाजीराव मोठ्या ऐटीत म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोरीलाच काडू द्या नकाशा. पर एक अट हाय. नकाशा मराठीत पायजे. उर्दूतले कागद लय झाले."

मी घर बघायला गेले. लिंबाजीरावांनी मला बैठक दाखवली, गोठा दाखवला, नव्या घराची जागा दाखवली. स्वयंपाकघर कोण दाखवणार? मी आपणच आत गेले. माळवदाच्या घराला छतात एक भोक असतं, त्याला साणं म्हणतात. उजेडही त्यातूनच यायचा आणि धूरही त्यातूनच जायचा. म्हणजे दोघांची रोज मारामारी, आणि धूर जिंकायचा. खाली लिंबाजीरावांच्या घरधनीण भागाबाई सूप घेऊन ज्वारी निसत बसल्या होत्या. डोळे लाल, पाणी वाहणारे. दाणे बोटांनीच चाचपत होत्या.

मी विचारलं, "काकू, नव्या घरात तुम्हाला काय काय पाहिजे?"

त्यांनी आधी मान वर करून मला बघितलं. हा प्रश्न त्यांना कुणी केला नसावा. मग म्हणाल्या, "मला काय पायजे बाई? जवारी निसताना खडा दिसावा. भाकरीत कचकन लागला की मालक ताट सारत्यात. दिसतच न्हाई तर मी काय करू?"

माझ्या सगळ्या शिक्षणात मला इतकं स्पष्ट काम कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना खाली बसवलं आणि बसल्या जागेवरून हात कुठवर जातो ते भिंतीवर खडूने आखून घेतलं. आमच्या पुस्तकांत माणसाची मापं होती, पण तो माणूस कोट घातलेला, उभा, नाहीतर खुर्चीत. चुलीपुढे बसलेल्या बाईचं माप एकाही पानावर नव्हतं. ते मी काढलं. तुम्हाला हवं असेल तर अजून माझ्याकडे आहे.

नकाशा असा केला. दार उत्तरेला. आत शिरलं की उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, बैठक आणि तिच्या मागे धान्याची कोठी. डाव्या हाताला, पूर्वेला, पुढे देवघर आणि मागे आग्नेयेला स्वयंपाकघर. सकाळचं कोवळं ऊन मोठ्या खिडकीतून थेट सुपात पडेल, आणि दुपारचं जाळणारं ऊन कोठीच्या जाड भिंतीवर आपटून मरेल. आपल्याकडचा वैशाख ज्याने बघितला आहे त्याला याचं महत्त्व सांगायला नको. ट्रेसिंगच्या पारदर्शक कापडावर नकाशा काढला, सगळी नावं मराठीत लिहिली. निळी प्रत काढायची सोय जवळपास नव्हती, म्हणून मूळ कापडच मिस्त्रींच्या हाती दिलं आणि परीक्षेचे इतर पेपर द्यायला हैदराबादला गेले.

मिस्त्री म्हणजे उस्मानमियाँ. परभणीतले नावाजलेले गवंडी. निजामाच्या बांधकाम खात्यात जन्म गेलेला. त्यांच्या ओळंब्याने सरळ म्हटलं की ते सरळ.

मी परत आले तेव्हा पाया भरून जोतं वर आलं होतं. दगड सुरेख बसले होते. मी कौतुकाने दाराच्या जागेतून आत पाऊल टाकलं. उजव्या हाताला बैठक हवी होती. ती डाव्या हाताला होती. मी बाहेर आले, पुन्हा आत गेले. बाहेर गेल्याने काही बदललं नाही. अख्खं घर आरशात पडावं तसं उलटं झालं होतं. स्वयंपाकघर नैऋत्येला, रणरणत्या पश्चिमेच्या तोंडी. कोठी आग्नेयेला, कोवळ्या उन्हात.

माझा चेहरा बघून लिंबाजीराव आले, त्यांच्यामागे गावचे जोशी आले, आणि मग आख्खी गल्ली आली. जोशीबुवा म्हणाले, "नैऋत्येला अग्नी? या घरात लग्न लावायचं आहे की काही दुसरं?" लिंबाजीराव माझ्यावर कडाडले, "काय करायलात तुमी? घर उलटं काडलं की हो!" मी नकाशा मागवला. उस्मानमियाँनी तो घडी उलगडून जोत्यावर अंथरला. आणि माझ्या लक्षात आलं. माझी मराठी अक्षरं मला उलटी दिसत होती. कापड पालथं होतं.

मिस्त्री गोंधळून म्हणाले, "बेटी, मैं तो कागज बराबर पकड्या था. नाम का डब्बा बाएँ हाथ कू, उत्तर का तीर उप्पर. अब क्या गलती हुई?"

या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगते. नकाशाच्या एका कोपऱ्यात चौकट असते. घर कुणाचं, काढलं कुणी, ते तिच्यात लिहितात. आम्हाला कॉलेजात ती उजव्या कोपऱ्यात काढायला शिकवलं. उस्मानमियाँनी उभ्या हयातीत उर्दू नकाशे हाताळले, आणि त्यांच्या हाती आलेल्या नकाशांत ती डाव्या कोपऱ्यात असे, कारण ते कागद उजवीकडून सुरू होत. त्यांनी चौकट तिच्या ओळखीच्या कोपऱ्यात आणली. कापड पारदर्शक, रेघा दोन्ही बाजूंनी सारख्याच. उत्तरेचा बाणही वरच राहिला. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, तेव्हा अक्षरं सुलटी काय आणि उलटी काय. मापं ते आकडे बघून नव्हे, पट्टी लावून घेत. एकही दगड चुकला नव्हता. फक्त आख्खं घर चुकलं होतं.

गर्दीतून कुणीतरी बोललं, "त्यांचं लिवनंच उलटं, तर घर सुलटं कसं हुईल? मुद्दाम केलं आसंल." तेव्हाच्या हवेत असं बोलणं स्वस्त होतं. उस्मानमियाँनी चुना लावायची करणी पुसून पिशवीत घालायला घेतली.

मला तेव्हा जो संताप आला तो आजही जशाचा तसा आहे. मी ओरडले, "उलटं नाही. उजवीकडून! मीही शाळेत तसंच वाचत होते. या नानांना विचारा, तुमच्या पोरानंसुद्धा पाढे तसेच गिरवले आहेत!" नाना माझ्याबरोबर आले होते. ते गर्दीत होते. ते फक्त "खरं आहे" म्हणाले. मास्तरांच्या 'खरं आहे'ला गावात वजन होतं.

लिंबाजीराव म्हणाले, "ते काय बी आसू द्या. पाडा समदं. दुसरा मिस्त्री बोलवा."

मी म्हटलं, "मिस्त्री गेले तर मी गेले, आणि माझ्याबरोबर नकाशाही गेला. जोतं पाडायचं नाही. याच जोत्यावर घर होईल."

बोलून बसले खरं, पण कसं होईल ते मला ठाऊक नव्हतं. सगळे निघून गेले तरी मी जोत्यावर बसून राहिले. घर गेलं तर माझं वर्ष जाणार होतं, आणि ते सोडा, भागाबाई पुढच्या जन्मभर पश्चिमेच्या भट्टीत बसणार होत्या. मग सुचलं. बाहेरचं हलवता येत नाही ना, मग आतलं हलवायचं. भिंती वर यायच्या होत्या, खिडक्या कुठेच नव्हत्या. चूल कोठीच्या जागी आग्नेयेला आणायची, कोठी चुलीच्या जागी. पश्चिमेच्या उन्हाने ज्वारीला कीड तेवढी कमी लागेल. देवांसाठी ईशान्येला कोनाडा. फक्त कोठी होती लहान. तिच्यात भागाबाई, परात, चूल आणि लेकी-सुना मावणं शक्य नव्हतं. तिला जागा एकाच ठिकाणाहून मिळू शकत होती, तिच्या पुढच्या बैठकीतून.

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा लिंबाजीरावांना उलट्या घराचा जेवढा राग आला नव्हता तेवढा याचा आला. "बैठक बारकी? पाव्हणंरावळं बसत्याल कुटं? चुलीपायी मानसाची बैठक तोडतंय का कुनी?" जोशीबुवाही त्यांच्याच बाजूने झाले, कारण बैठकीत त्यांचाही लोड ठरलेला होता. मी माझी बाजू मांडत राहिले, आणि ते डोकं हलवत राहिले. मी हरत चालले होते.

इतक्यात भागाबाई आल्या. पदरात तीन धोंडे. कुणाशी न बोलता त्या आग्नेयेच्या कोपऱ्यात गेल्या, धोंडे मांडले, गोवऱ्या घातल्या, फुंकर घालून जाळ केला आणि चहाचं भगुणं चढवलं. मग पुरेशी जागा घेऊन, ऐसपैस मांडी घालून बसल्या. एका अंगाला सूप ठेवलं, दुसऱ्या अंगाला परात.

"काय करायलीस?" लिंबाजीराव म्हणाले.

"चूल मांडली," त्या म्हणाल्या. "पेटलेली चूल हलवायची आसंल तर हलवा तुमच्या हातानं."

पेटलेली चूल कोण हलवतो? जोशीबुवा दुसरीकडे बघायला लागले. लिंबाजीरावांनी एकदा शेवटचं म्हणून बघितलं, "आन् पाव्हणं?"

"पाव्हणं बसाया येत्यात का जेवाया?"

मी चुन्याची मूठ घेतली. भागाबाईंच्या पाठीमागे, त्यांचा हात फिरेल एवढं अंतर सोडून, बैठकीच्या हद्दीत सरळ रेघ मारली. उस्मानमियाँनी पिशवीतून करणी काढली. भिंत तिथेच उभी राहिली. बैठकीत देवांचा कोनाडा आला, त्यामुळे देवांसमोर विड्या ओढणंही बंद झालं. लिंबाजीराव ते मला शेवटपर्यंत ऐकवत राहिले.

घर झालं. भाकरीची परात जिथे बसल्या जागेवरून हाताला लागेल तिथे फडताळ, धुराला वर जायला धुराडं, आणि पूर्वेला भली मोठी खिडकी. मी सगळे नकाशे बांधले तसेच काढले, काय चुकलं आणि का चुकलं तेही मांडलं, आणि हैदराबादला गेले.

बाहेरचे सर म्हणाले, "तुझा मूळ नकाशाच सादर कर. हे उलटं झाल्याचं कशाला सांगतेस?" मी म्हटलं, "मूळ नकाशाचं घर या पृथ्वीवर नाही. जे उभं आहे ते हे आहे." ते चिडले. "मग बाहेरची वास्तू तुझी नाहीच. ती मिस्त्रीच्या चुकीने झाली. आतली मांडणी तुझी. तेवढ्याचं प्रशस्तिपत्र घे. मुलीला तेवढं पुष्कळ आहे." आतले सर एरवी त्यांचं तोंड बघत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनीही मान डोलावली.

अर्ध्या पदवीवर मला घरी पाठवायला निघाले होते. मी सांगितलं, दोन्ही द्या, नाहीतर एकही नको. एकही मिळालं नाही. नापास होऊन परभणीला आले. वाटेत नानांना काय सांगायचं याची उजळणी केली होती. ते म्हणाले, "मी या वयात अख्खी भाषा बदलली. तू एक वर्ष काढ."

पुढच्या वर्षी मी तेच घर पुन्हा मांडलं. एक रेघ बदलली नाही. अर्ज मात्र केला की परीक्षकांनी घर डोळ्यांनी बघून निकाल द्यावा. त्या वर्षीचे बाहेरगावचे परीक्षक वयस्कर आणि जरा तिरसट होते, पण मराठी होते, आणि आले. पूर्णा स्टेशनला उतरले, तिथून लिंबाजीरावांच्या बैलांच्या दमणीतून, धूळ खात. दारात पोचले तर बैठकीत लोकरीचे व्यापारी खचाखच बसलेले. लिंबाजीराव माझ्याकडे असे बघायला लागले की बघा, मी सांगत नव्हतो? परीक्षक उंबऱ्यात अवघडून उभे.

आतून आवाज आला, "आत या की. हितं लय जागा हाय."

ते स्वयंपाकघरात जाऊन बसले. मी दाराशी उभी राहिले. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन थेट सुपात पडलं होतं. भागाबाई ज्वारी निसत होत्या. त्यांनी हात न थांबवता चहा टाकायला सुनेला सांगितलं. परीक्षकांनी वर बघितलं, धुराडं बघितलं, बसल्या बसल्या हात लांबवून फडताळाला लावून बघितला. मग त्यांना वाटलं, काही तरी परीक्षेसारखं विचारलं पाहिजे.

"बाई, या घराचं बाहेरचं काम कुणाचं आणि आतलं कुणाचं, ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

भागाबाईंनी सुपातून एक काळा खडा अचूक उचलला, चिमटीत धरून उजेडात बघितला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला.

"घराला काय दोन आया आसत्यात व्हय?" त्या म्हणाल्या.

पदवी मिळाली. आख्खी. गुण जेमतेम होते, ते मी कधी लपवले नाहीत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. उस्मानमियाँनी पुढे माझी कितीतरी कामं केली. मी प्रत्येक नकाशावर नावं दोन्ही लिप्यांत लिहीत गेले. तरी ते नवा कागद हाती आला की आधी माझ्यापुढे धरायचे आणि विचारायचे, "सीधा है ना, बेटी?" एवढा ताठ माणूस. त्या दिवशी गर्दीत जो बोलला त्याचं तोंड मी ओळखलं नाही, याची हळहळ मला अजून आहे.

ते घर आजही ताडकळसला आहे, उजवीकडून वाचलेलं. बैठक बारकी आहे. स्वयंपाकघर गावात सगळ्यांत मोठं आहे. आता तिथे भागाबाईंची नातसून ज्वारी निसते, आणि खडा दिसतो.

तेव्हा संपादक महाराज, पडद्याचा रंग कुणालाही विचारा. खिडकी कुठे काढायची ते विचारायचं असेल, तर माझ्याकडे या.